चौदा संदर्भ, साक्षीदार एकच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएच.डी.चं पहिलं वर्ष, विषय किशोरवयीन मुलांचा स्क्रीन टाइम आणि झोप, ऐंशीएक पीडीएफ जमवून झालेत. गाईडनी पहिल्या खर्ड्यातल्या अकरा संदर्भांवर ‘विश्वसनीय नाही’ एवढंच लाल शाईनं लिहून वही परत केली. आता तुम्हाला एखादी यादी किंवा कसोटी हवी आहे, जिच्यात स्रोत टाकला की ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं उत्तर बाहेर पडेल. शिवाय तीन उपप्रश्न आहेत. विकिपीडिया वापरू का, एआयनं सुचवलेले संदर्भ घेऊ का, आणि दोन चांगल्या जर्नलमधले निबंध एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर कोणाचं खरं मानू?

यादी मी देणार नाही. अशा याद्या ढिगानं सापडतात. एकेकाळी मी स्वतः त्या छापून विद्यार्थ्यांना वाटल्या आहेत. लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, संस्था आहे का, अशा पंधरा चौकटी. मुलं मन लावून पंधराही चौकटींत टिक करायची आणि भलताच स्रोत घेऊन यायची. एकोणीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळतोय. संशोधकांना साहित्य शोधून देणं आणि प्रबंध जमा होण्याआधी त्यांचे संदर्भ तपासणं, हे रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण चांगला स्रोत ओळखायचा कसा ही नाही. प्रश्नच अर्धा विचारला गेलाय. ‘हा स्रोत विश्वसनीय आहे का?’ यात ‘कशासाठी?’ हा शब्द राहून गेला.

उदाहरण घ्या. औषध कंपनीचा वार्षिक अहवाल. कंपनीनं संशोधनावर किती खर्च दाखवला हे सांगायला त्याच्याइतका चांगला स्रोत नाही. तिचं औषध किती गुणकारी, हे सांगायला मात्र तो जवळपास निरुपयोगी. किंवा शंभर वर्षांपूर्वीची शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात घ्या. वैद्यकीय माहिती म्हणून ती शुद्ध थाप, पण त्या काळी लोकांना काय विकलं जात होतं आणि कोणत्या भाषेत, याचा तो अस्सल प्राथमिक पुरावा. कागद तोच, विधान बदललं की त्याची लायकी बदलते. तुमच्या विषयात एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीचा ब्लॉग ‘मोबाईलमुळे झोप कमी होते’ यासाठी चालणार नाही. ‘मुलं स्वतः याबद्दल कसं बोलतात’ यासाठी तो चालेल, नव्हे लागेलच.

हे विषयावरही अवलंबून असतं. इतिहासात त्या काळचं पत्र म्हणजे सोनं, औषधशास्त्रात दहा वर्षांपूर्वीचा आढावासुद्धा शिळा झालेला असू शकतो. कायद्यात मूळ निकालपत्र वाचायचं असतं, त्यावरचा लेख नंतर. आणि सगळ्यात जास्त अवलंबून असतं ते त्या विधानावर तुम्ही किती भार टाकणार आहात यावर. प्रस्तावनेत ‘मोबाईलचा वापर वाढला आहे’ असं लिहायला फार खोदकाम लागत नाही. पण तुमचं गृहीतकच ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडा खणून काढावाच लागतो.

खणायचं म्हणजे काय करायचं? मी एकच प्रश्न विचारत जातो: यांना हे कसं कळलं? मोजलं, पाहिलं, विचारलं, की कुठेतरी वाचलं? वाचलं असेल तर तो स्रोत बाजूला ठेवायचा आणि त्यानं जिथे वाचलं तिथे जायचं. तिथेही ‘वाचलं’ असंच निघालं तर आणखी मागे. ज्यानं स्वतः मोजलं किंवा पाहिलं तो माणूस सापडेपर्यंत. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमच्या धंद्यात नेमकं तेच शोधायचा पगार मिळतो.

असं मागे गेल्यावर काय सापडू शकतं, याचं मला माहीत असलेलं सर्वात बोलकं उदाहरण १९८० सालचं आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात त्या जानेवारीत पोर्टर आणि जिक या दोघांचं संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. निबंध नव्हे, पत्र, तेही पाच वाक्यांचं. मजकूर असा की रुग्णालयात दाखल झालेल्या आणि अफूवर्गीय वेदनाशामक औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्यांपैकी फक्त ४ जणांत व्यसन लागल्याची खात्रीशीर नोंद आढळली. रुग्णालयात, देखरेखीखाली, एवढंच. पुढे दीर्घकालीन दुखण्यासाठी घरी महिनोन् महिने घ्यायच्या गोळ्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी याच पत्राचा हवाला देत ‘व्यसन क्वचितच लागतं’ असं लिहायला सुरुवात केली. २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या संदर्भांची मोजदाद प्रसिद्ध झाली. ६०८ संदर्भ सापडले. त्यांतल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि सुमारे ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच केला नव्हता.

आता चौकटींची यादी घेऊन हे पत्र तपासा. नामांकित नियतकालिक, हो. लेखकांची नावं, हो. तारीख, हो. शेकडो संदर्भ, हो. सगळ्या चौकटींत टिक! आणि पत्र खोटं बोललंही नव्हतं. प्रवासात कोणीतरी ‘रुग्णालयात’ हा एक शब्द गाळला, आणि ‘ध’ चा ‘मा’ झाला. ही गळती फक्त मूळ कागद उघडणाऱ्यालाच दिसते.

माझ्या टेबलावरचा एक प्रसंगही सांगतो. एक संशोधक विद्यार्थिनी आली होती. दीर्घकाळच्या आजारात किती टक्के रुग्ण औषधं मध्येच सोडतात, असा एक आकडा तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होता. त्यासमोर कंसात चौदा संदर्भ. तिला वाटत होतं, चौदा ठिकाणी आलंय म्हणजे पक्कंच. मी एक मोठा कागद घेतला, चौदा निबंधांची नावं कडेनं गोलाकार लिहिली आणि प्रत्येकानं तो आकडा कुठून घेतला ते पाहून बाण काढत गेलो. दुपार गेली त्यात. चारच्या सुमारास चौदाचे बाण पाचांवर आले, पाचांचे दोनांवर, आणि त्या दोघांचे एका परिषदेच्या अहवालावर. तो अहवाल दुसऱ्या ग्रंथालयातून मागवला, आठवड्यानं आला. त्यात तो आकडा होता, आणि त्याच्या अलीकडे लिहिलं होतं, ‘तज्ज्ञांच्या अंदाजानुसार’. कोण तज्ज्ञ, कसला अंदाज, काही नाही. चौदा जणांनी साक्ष दिली, पण पाहिलेला एकही नव्हता.

ती हिरमुसली. मग तिनं तो आकडा काढून न टाकता त्याचा हा प्रवासच दीड पानात मांडला, आणि तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक सगळ्यात जास्त वेळ त्याच दीड पानावर बोलले.

दुसऱ्याची चूक सांगितली, आता माझी. माझ्या कार्यशाळांत मी अनेक वर्षं पालकाच्या भाजीचा किस्सा सांगायचो. पालकात भरपूर लोह असतं हा समज म्हणे एकोणिसाव्या शतकातल्या एका शास्त्रज्ञानं दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे पसरला, आणि त्यामुळे आकडा दहापट झाला. मूळ स्रोत तपासा, असं सांगायला किती छान गोष्ट! मुलं हसायची, मीही खूश. हा किस्सा पसरला तो मुख्यतः ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या १९८१ च्या एका हलक्याफुलक्या लेखामुळे, आणि त्या लेखात त्यासाठी कसलाच संदर्भ नव्हता. २०१० मध्ये माइक सटन या गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासकानं त्याचा माग काढला, तर दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावाच मिळेना. म्हणजे मूळ स्रोत तपासा असं शिकवणारी गोष्ट मी मूळ स्रोत न तपासता सांगत होतो. तेव्हापासून गोष्ट जितकी फक्कड, तितका मी जास्त सावध होतो. जे ऐकून आपल्याला बरं वाटतं, ते तपासायला आपण सर्वात जास्त आळस करतो. तुमच्या ऐंशी पीडीएफमध्ये तुमच्या गृहीतकाला दुजोरा देणारे निबंध तुम्ही किती बारकाईनं वाचलेत आणि विरोधातले किती, हे एकदा पाहाच.

आता पीअर रिव्ह्यूकडे, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर अभ्यासकांनी केलेल्या समीक्षेकडे वळू, कारण तुमच्या गाईडच्या मनात बहुधा तीच फूटपट्टी आहे. ती फूटपट्टी वाईट नाही. माझा अनुभव असा की समीक्षित नियतकालिकातला सरासरी निबंध हा बाहेरच्या सरासरी लेखापेक्षा कितीतरी उजवा असतो. पण समीक्षक नेमकं काय करतो ते लक्षात घ्या. दोन किंवा तीन माणसं, स्वतःची कामं सांभाळून, बहुतेक वेळा फुकट, पाठवलेलं हस्तलिखित वाचतात. पद्धत पटते का, निष्कर्ष आकड्यांशी जुळतात का, आधीचं काम लक्षात घेतलंय का, हे पाहतात. मूळ डेटा बहुतेकदा त्यांच्यासमोर नसतो. प्रयोग पुन्हा करून कोणी पाहत नाही. लेखकानं आकडे प्रामाणिकपणे गोळा केले, हे ते गृहीत धरतात.

ते गृहीतक कोसळलं की काय होतं, हे जगानं २०२० मध्ये पाहिलं. कोविडच्या रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाचा परिणाम पाहणारा, सुमारे ९६ हजार रुग्णांचा डेटा वापरल्याचं सांगणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २२ मे रोजी आला. त्याचा धसका घेऊन जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही काळ थांबवला. डेटा एका खाजगी कंपनीकडचा होता, आणि स्वतंत्र तपासणीसाठी तो मिळेना. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेरा दिवसांत. याच नियतकालिकात १९९८ साली आलेला, १२ मुलांवर आधारित, गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा निबंध मागे घ्यायला मात्र २०१० उजाडलं. बारा वर्षं तो ‘समीक्षित, नामांकित’ म्हणून पुढे केला जात होता.

आणि हे वरच्या फळीतल्या नियतकालिकांचं झालं. खालच्या फळीत पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं आहेतच. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी लिहिणाऱ्या जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका ठेवलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्त-प्रवेश (कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला, १५७ नी तो स्वीकारला. अशी नियतकालिकं ओळखायला मी वेबसाइटची सजावट पाहत नाही. संपादक मंडळातली दोन नावं घेतो आणि त्या माणसांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते शोधतो. मग तिथलेच दोन निबंध उघडून वाचतो. पाच मिनिटांत वास येतो. मुक्त-प्रवेश नियतकालिक ‘डीओएजे’ या अशा नियतकालिकांच्या सूचीत आहे का तेही पाहतो, पण तेवढ्यावर भिस्त ठेवत नाही.

इथे एक धोका आहे, तो आधीच सांगतो. असे दाखले ऐकून काही विद्यार्थी ‘सगळंच खोटं’ या टोकाला जातात आणि मग मनाला येईल ते खरं मानतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निष्कर्ष सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता न येण्याजोगे, होते. पुन्हा केल्यावर तसे ३६ टक्केच निघाले. हा आकडा मानसशास्त्राला झोडपायला वापरतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की एकट्या अभ्यासावर घर बांधू नये. वेगळ्या लोकांनी, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीनं मोजून तेच उत्तर आलं असेल तर भरवसा वाढतो. म्हणून तुमच्या विषयावर चांगला पद्धतशीर आढावा, म्हणजे ठरलेल्या निकषांनी सगळे अभ्यास शोधून एकत्र मांडणारा निबंध, झाला असेल तर तिथून सुरुवात करा. आणि तोही वाचताना, त्यांनी कोणते अभ्यास का वगळले तो भाग आधी वाचा.

एक व्यावहारिक गोष्ट, जी माझ्या अंगाशी आली होती. एका संशोधकाची संदर्भसूची मी तपासून दिली होती: पानं, वर्षं, नावं, सगळं चोख. प्रबंध जमा झाल्यावर परीक्षकांनी दाखवून दिलं की त्यातला एक निबंध दीड वर्षापूर्वीच मागे घेतला गेला होता. आम्ही दोघंही लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली पीडीएफ पाहत होतो. त्या फाइलला बाहेर काय घडलं ते कळणार कसं? आता प्रबंध जमा करायच्या आठवड्यात मी प्रत्येक महत्त्वाच्या निबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) पुन्हा उघडून प्रकाशकाचं पान पाहायला लावतो. ‘रिट्रॅक्शन वॉच’चा मागे घेतलेल्या निबंधांचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुला आहे. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते अशा निबंधावर आपोआप लाल पट्टी दाखवतं. नाही वापरत? मग आजपासून वापरा, ऐंशी पीडीएफ फोल्डरमध्ये सांभाळणं हे काही संशोधकाचं काम नाही.

वेबसाइट आणि संस्थांचे अहवाल यांच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात ‘डॉट ऑर्ग असेल तर चालतं ना?’ असं आहे. नाही. डॉट ऑर्ग कोणीही विकत घेऊ शकतं. ‘आमच्याविषयी’ हे पानही त्यांनीच लिहिलेलं असतं; स्वतःच्या लग्नाच्या बायोडेटात कोणी ‘स्वभाव तापट’ असं लिहितं का? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळं तपासायला देऊन त्यांच्याकडे पाहत राहण्याचा प्रयोग केला होता. त्यांत १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवीचे विद्यार्थी होते. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा त्या पानावरच खालीवर करत राहिले. लोगो, संदर्भसूची, भाषेचा भारदस्तपणा यांनी फसले. तथ्यतपासनीस मात्र पानावर जेमतेम काही क्षण थांबले, पटापट नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. कमी वेळात त्यांचं उत्तर जास्त बरोबर आलं. स्थळ पाहायला गेल्यावर मुलाला विचारण्याआधी शेजाऱ्यांना विचारावं, तसं.

पैसा कोणी दिला हेही पाहा, पण तेवढ्यावर फुली मारू नका. १९६७ साली एक आढावा निबंध आला होता, हृदयविकारात साखरेपेक्षा स्निग्ध पदार्थांवर बोट ठेवणारा. त्यामागे साखर उद्योगाच्या संघटनेचे पैसे होते, हे जुन्या पत्रव्यवहारातून २०१६ मध्ये उघड झालं. तेव्हा असे हितसंबंध जाहीर करायची सक्ती नव्हती. आज निबंधाच्या शेवटी ते लिहिलेलं असतं आणि आपण ते न वाचताच फाइल बंद करतो. मी एवढंच करतो: ज्याचा फायदा आहे त्याच्याच पैशानं झालेला अभ्यास असेल, तर त्याच दिशेचा, पण स्वतंत्र पैशानं झालेला दुसरा अभ्यास शोधतो. मिळाला तर पहिलाही बिनधास्त वापरतो.

विकिपीडिया वापरा, पण उद्धृत करू नका. लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भांसाठी तो झकास आहे. मात्र तिथूनही वर्तुळं तयार होतात. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं कोआटी या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून घातलं की याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असंही म्हणतात. वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुस्तकांत गेलं, आणि मग तेच लेखन विकिपीडियावर त्या नावाचा आधार म्हणून आलं. म्हणून बाण काढताना तारखाही लिहा. विकिपीडियावरच्या वाक्याची तारीख लेखाच्या ‘इतिहास’ या टॅबमध्ये मिळते, आणि ज्याला आपण मूळ स्रोत समजतोय तो त्या वाक्यानंतर जन्मलेला निघाला की कोडं सुटतं.

एआयचं सोपं आहे. वाचायला काय मिळेल ते विचारा, पण त्यानं दिलेला संदर्भ म्हणजे ऐकीव बातमी समजा. ही साधनं हुबेहूब खरी वाटणारी, पण अस्तित्वातच नसलेली शीर्षकं देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटबॉटनं रचलेले निवाडे खरे म्हणून सादर केले, आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. डीओआय उघडा, निबंध खरंच आहे का पाहा, आणि तुम्हाला हवं ते वाक्य कोणत्या पानावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिसरी पायरी लोक गाळतात. निबंध असतो, वाक्य नसतं.

एवढं झाल्यावर तुमचा सगळ्यात कठीण प्रश्न, विरुद्ध बोलणाऱ्या दोन निबंधांचा. कोणतं जर्नल मोठं, कोणाचे संदर्भ जास्त, यावरून निवाडा करू नका. दोन्ही निबंधांचा फक्त ‘पद्धत’ हा भाग उघडून शेजारी ठेवा. झोप कशी मोजली? मुलांना विचारून, डायरी लिहायला लावून, की मनगटावर यंत्र बांधून? मुलं स्वतः सांगतात ती झोप आणि यंत्र नोंदवतं ती झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्क्रीन टाइम’ म्हणजे दिवसभराचा, की झोपण्याआधीच्या तासाचा? टीव्ही धरला का? किती वयाची मुलं? एकदाच विचारलं, की तीच मुलं काही महिन्यांनी पुन्हा पाहिली? माझ्या अनुभवात दहापैकी सहासात वेळा इथेच भांडण मिटतं, कारण दोघं एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. मग तुमच्या आढाव्यात ‘मतभेद आहेत’ या वाक्याऐवजी ‘स्वतः सांगितलेली झोप घेतली तर असं दिसतं, यंत्रानं मोजलेली घेतली तर तसं’ असं लिहिता येतं. गाईडना हेच हवं असतं.

मिटलं नाही, दोघांनी खरंच एकच गोष्ट मोजली आणि उत्तरं उलटी आली, तर माझा कल ज्यानं स्वतःला पकडून द्यायची सोय करून ठेवली आहे त्याच्याकडे जातो. डेटा खुला ठेवलाय, प्रश्नावली जोडली आहे, अभ्यास सुरू करण्याआधीच काय तपासणार ते नोंदवलं आहे, मर्यादा नुसत्या रीत म्हणून नव्हे तर नेमक्या लिहिल्या आहेत. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असं मांडलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेल फाइल मागून घेतली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचं सापडलं. माहिती गाळण्याच्या आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही त्यानं आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. सगळं धरून फेरमोजणी केली तर जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के आली. चूक लाजिरवाणी खरी. पण फाइल दिली म्हणून ती सापडली. ज्यांनी फाइल कधी दिलीच नाही, त्यांच्या चुका आजही सुखात आहेत.

वेळेचं काय, असं तुम्ही म्हणाल. ऐंशीच्या ऐंशी असे खणायचे नाहीत. तुमच्या खर्ड्यातली अशी विधानं शोधा, जी चुकीची ठरली तर प्रकरणच ढासळेल. आठदहाच निघतील. त्यांचे बाण काढा. बाकीच्यांसाठी निबंध खरंच आहे, मागे घेतलेला नाही, आणि आपण म्हणतो ते त्यात आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. झोटेरोमध्ये प्रत्येक नोंदीखाली पान क्रमांक आणि ‘यांनी स्वतः मोजलं’ किंवा ‘अमक्याकडून घेतलं’ असं दोन शब्दांत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी स्वतःचेच आभार मानाल.

आणि ते लाल शाईचे अकरा. गाईडकडे जाल तेव्हा ‘हे का चालत नाहीत’ असं विचारू नका, वाद होईल. अकरा ओळींचा तक्ता करून न्या: डावीकडे स्रोत, मध्ये तुमचं वाक्य, उजवीकडे ‘यांना हे कसं कळलं’. तो भरतानाच चारपाच स्रोत तुम्हीच गाळाल. आणखी दोनतीन ठिकाणी स्रोत ठेवून वाक्यच बदलावं लागेल, ‘असं आढळतं’च्या जागी ‘असा दावा ही कंपनी करते’ असं काहीतरी. उरलेल्या तीनचारांबद्दल बोलायला बसा.